अक्षराला जागा किती लागते?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



हापूसची पेटी ज्यांनी स्वतः भरली आहे, त्यांना आजचा विषय अवघड जाणार नाही. पेटी आधी ठोकली जाते, आंबा झाडावरून नंतर उतरतो. फळ मोठं असेल तर पेटीत चार डझन बसतात, लहान असेल तर सहा-सात डझन. पण पेटीचं माप ठरवताना सुताराने आंबा पाहिलेला नसतो. कम्प्युटरच्या पोटात असाच एक सुतार बसलेला आहे. त्याचं नाव कंपायलर.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. हे सगळं मला माझ्या भाच्याने समजावून दिलं. तो पुण्यात प्रोग्राम लिहितो. ‘मामू, तुम्ही मात्रा मोजता, आम्ही बाइट मोजतो,’ असं तो एकदा म्हणाला आणि मी त्याला रात्री बारापर्यंत सोडलं नाही.

माणूस ‘सी’सारख्या भाषेत प्रोग्राम लिहितो. यंत्राला कळतात फक्त शून्य आणि एक. या दोघांमधला दुभाष्या म्हणजे कंपायलर. पण दुभाष्याचं काम करता करता तो आणखी एक गोष्ट ठरवतो : कुठल्या माहितीला यंत्राच्या स्मरणात किती जागा द्यायची. जागा मोजायची बाइटमध्ये. एक बाइट म्हणजे आठ घरं, प्रत्येक घरात शून्य किंवा एक; अशा एकूण २५६ तऱ्हा होतात. प्रोग्राम लिहिणारा सांगतो, ‘इथे पूर्णांक येईल’, ‘इथे एक अक्षर येईल’. कंपायलर हा प्रकार तेवढा पाहतो आणि जागा आखून टाकतो. आत पुढे काय येणार, हे त्याने विचारायचं नसतं. पाच वर्षांच्या मुलाचं वय आणि जिल्ह्याची लोकसंख्या, दोन्ही ‘पूर्णांक’ म्हणून लिहिलं तर दोघांना सारखीच जागा.

ही जागा किती, हे कोण ठरवतं? सी भाषा १९७२च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी घडवली. तिचे लिखित नियम सांगतात की अक्षराच्या प्रकाराला एक बाइट, आणि पूर्णांकाला निदान सोळा घरं. त्यापुढचं यंत्र पाहून ठरवावं. म्हणजे आपल्या जुन्या पायलीसारखंच झालं. नाव एक, माप गावोगावचं वेगळं. आपल्याकडे १९५६च्या कायद्याने वजनं-मापं एकसारखी केली. कम्प्युटरच्या जगात जावा नावाच्या भाषेने १९९५नंतर तसंच केलं. तिचा पूर्णांक कुठल्याही यंत्रावर चार बाइटांचाच. सी मात्र पायलीवरच राहिली. तिचा ‘लाँग’ नावाचा पूर्णांक आजही चौसष्ट घरांच्या लिनक्सवर आठ बाइटांचा असतो आणि तशाच विंडोजवर चारचा.

याने काय बिघडतं? १९८७ साली आलेला ‘टर्बो सी’ हा कंपायलर पुढे कितीतरी वर्षं आपल्या कॉलेजांतून शिकवला गेला. त्याचा पूर्णांक दोन बाइटांचा. त्यात सगळ्यात मोठी संख्या बसते ३२,७६७. आता २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या होती १६,१५,०६९. ही संख्या त्या दोन बाइटांत कोंबली, तर वरचा भाग गळून पडतो आणि उत्तर येतं : उणे २३,३३१. यंत्र तक्रार करत नाही, थांबत नाही, शांतपणे हेच उत्तर छापतं. आमच्या जिल्ह्यातली माणसं मुंबईला जाऊन कमी होतात हे खरं, पण उण्यात अजून गेलेली नाहीत.

पेटीत आंब्यांच्या मधे भाताचा पेंढा घालतात, तसा कंपायलरही घालतो. समजा, एका विद्यार्थ्याची नोंद आहे : इयत्तेला एक बाइट, गुणांना चार बाइट, तुकडीच्या अक्षराला एक. बेरीज सहा. पण सी भाषेत त्या नोंदीचं माप विचारलं, तर बहुतेक यंत्रांवर उत्तर येतं बारा! कारण चार बाइटांची संख्या चाराने भाग जाणाऱ्या पत्त्यावर सुरू झाली तर यंत्राला ती एका दमात उचलता येते. म्हणून इयत्तेनंतर तीन बाइट पेंढा, आणि पुढच्या विद्यार्थ्याची नोंदही नीट बसावी म्हणून शेवटी आणखी तीन. हीच नोंद गुण आधी आणि दोन्ही लहान गोष्टी नंतर अशी लिहिली, तर आठ बाइटांत भागतं. पण तो क्रम स्वतः बदलायचा अधिकार सी भाषेने कंपायलरला दिलेला नाही. लिहिणाऱ्यानेच शब्द हलवून बघायचे. हे ऐकून मला भाच्याच्या धंद्याविषयी पहिल्यांदा आपुलकी वाटली.

आता आपल्या अक्षरांकडे येतो. ‘अक्षराच्या प्रकाराला एक बाइट’ हा नियम इंग्रजीच्या अंगाने शिवलेला आहे. सव्वीस अक्षरं, मोठी आणि लहान, आकडे, विरामचिन्हं : सगळं २५६ तऱ्हांत आरामात बसतं. देवनागरीसाठी १९९१ साली ‘इस्की’ नावाचं भारतीय प्रमाण आलं, तेव्हा आपणही एका चिन्हाला एक बाइट यात भागवलं होतं. नंतर सगळ्या जगाच्या लिप्यांना एकत्र सामावणारं युनिकोड आलं आणि ते साठवण्याची यूटीएफ-८ ही पद्धत आली. ती १९९२मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी काढली. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला तीन.

‘रत्नागिरी’ हाच शब्द घ्या. डोळ्यांना दिसतात चार अक्षरं : र, त्ना, गि, री. वृत्तात मोजलं तर सात मात्रा, कारण पुढच्या जोडाक्षराने पहिला ‘र’ गुरू होतो. कळफलकावर चिन्हं उमटतात नऊ : र, त, पाय मोडण्याचं चिन्ह, न, काना, ग, वेलांटी, र, वेलांटी. आणि यूटीएफ-८मध्ये बाइट होतात सत्तावीस. इंग्रजीत रत्नागिरी लिहिलं तर नऊ अक्षरं, नऊ बाइट. मोबाइलच्या लघुसंदेशातही हेच. इंग्रजीत एका संदेशात १६० अक्षरं मावतात, मराठीत ७० चिन्हं. ईदला दोन ओळींचा शेर पाठवायचा तर कधी कधी दोन संदेशांचे पैसे पडतात.

पैशाचं सोडा. नावांचं काय होतं ते पाहा. कुणीतरी प्रोग्राम लिहिताना ठरवतो की नावाच्या रकान्याला वीस बाइट पुरे. मनात इंग्रजी नाव असतं. ‘ज्ञानेश्वर’ला मराठीत तीस बाइट लागतात. विसात सहा चिन्हं मावतात, उरलेल्या दोन बाइटांत सातवं अर्धवट राहतं. म्हणजे कागदावर ‘ज्ञाने’, आणि प्रोग्राम निष्काळजीपणे लिहिलेला असेल तर पुढे एक प्रश्नचिन्ह. हे निदान दिसतं तरी. आता ‘अब्दुल्ला’ घ्या. आमच्या मोहल्ल्यात ही हाक मारली तर दोघेतिघे वळून पाहतील. सत्तावीस बाइटांचं नाव. विसात कापलं की उरतं ‘अब्दुल’. हे तर चांगलं पुरं नाव! चूक झाली हे कुणाच्या लक्षातच येत नाही. शाळेच्या दाखल्यावर अब्दुल्ला, दुसऱ्या कागदावर अब्दुल, आणि मग खिडकीतून उत्तर मिळतं, ‘ही दोन माणसं आहेत.’

असा एक कापलेला कागद आमच्या घरीही आला होता. कचेरीचं नाव घेत नाही. तिथले कारकून सज्जन होते. ते म्हणाले, ‘कम्प्युटर एवढंच घेतो.’ भाच्याला हे वाक्य सांगितलं तर तो चिडला. त्याचं म्हणणं, कम्प्युटर काहीही घेतो. वीस हा आकडा कुणातरी माणसाने टाइप केला होता. काही डेटाबेसमध्ये रकान्याचं माप बाइटमध्ये सांगायचं की चिन्हांमध्ये, हे निवडताही येतं. न निवडलं तर त्यातले काही बाइट धरून चालतात. ही निवड करायला एक शब्द जादा लिहावा लागतो.

भाचा आता नवा रकाना केला की आधी त्यात आपल्याकडची नावं घालून बघतो. त्याच्याकडे त्यासाठी एक यादीच आहे, आणि तिच्यात अब्दुल्ला आणि ज्ञानेश्वर शेजारीशेजारी आहेत. मी विचारलं, ‘जिथे आधीच विसाचं माप घातलं आहे, तिथे काय करायचं?’ तो म्हणाला, ‘विसाच्या जागी दोनशे लिहायला मिनिटही लागत नाही, मामू. पुन्हा कंपाइल करायचं, जुनी माहिती नव्या मापात हलवायची, एवढंच. पण जी अक्षरं तेव्हा कापली गेली, ती यंत्रात कुठेच नसतात. हाताने लिहिलेली जुनी वही काढून एकेक नाव परत टाइप करावं लागतं.’