जीर्णोद्धार : आधी परवानगी, मग पायाभरणी



जीर्णोद्धार म्हटला की गावकीची पहिली बैठक वर्गणीची होते आणि त्याच बैठकीत कळस चढविण्याची तिथीही ठरून जाते. परवानगीचा विषय निघतो तो बहुधा सभामंडप उतरविल्यावर. मावळात हा उलटा क्रम फार महाग पडतो. लोणावळ्याकडे वर्षाला 4,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. भातलावणी सुरू झाली की मजूरही मिळत नाही. म्हणजे कामाला उरतात ते दिवाळीपासून वैशाखापर्यंतचे महिने. तेवढ्यात छप्पर बसले नाही तर जुन्या भिंतींच्या सांध्यांतील माती वाहून जाते, आणि देणगीदाराचा पैसा अक्षरशः पाण्यात जातो.

सबब हिशेब मागून धरावा. दिवाळीला कुदळ मारायची तर प्रकरण आषाढापूर्वी दाखल व्हावे आणि कागद त्याही आधी जुळावेत.

पहिला प्रश्न जागेचा. सातबारा किंवा मिळकत पत्रिका कोणाच्या नावे आहे, विश्वस्त संस्थेच्या नोंदी अद्ययावत आहेत काय, हे पाहून भूमि अभिलेख खात्याची मोजणी करून घ्यावी. सार्वजनिक रस्ते, उद्याने व इतर सार्वजनिक जागांवर विनापरवाना धार्मिक बांधकाम होऊ देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा 29 सप्टेंबर 2009 चा आदेश आहे. सभामंडपाची एक पायरी रस्त्यावर आली तरी सगळे काम अडचणीत येऊ शकते.

दुसरा प्रश्न हद्दीचा. लोणावळा व तळेगाव दाभाडे येथे नगरपरिषद, वडगावला नगरपंचायत, आणि उरलेल्या बहुतेक गावांना 2015 पासून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. ग्रामपंचायतीचा ठराव हा गावाचा पाठिंबा झाला. तो प्राधिकरणाचा बांधकाम परवाना नव्हे.

कार्ले, भाजे, बेडसे लेणी किंवा लोहगड, विसापूर यांच्याजवळच्या गावांनी आणखी एक पायरी धरावी. केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवीन बांधकामास मनाई आहे. जुन्या वास्तूच्या दुरुस्तीसही सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. त्यापुढील 200 मीटरमध्ये बांधकाम व दुरुस्ती, दोन्ही परवानगीनेच होतात.

1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 45 प्रमाणे अर्जावर 60 दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. तथापि कार्यालयाने त्रुटी काढली तर हे 60 दिवस त्रुटीच्या उत्तराच्या तारखेपासून मोजतात. एक मोजणी नकाशा राहिला म्हणून अख्खा हंगाम हातचा जाऊ शकतो. परवान्याची मुदतही साधारण एक वर्षाची असते. ती संपण्यापूर्वीच वाढवून घ्यावी.

आता दुरुस्तीविषयी. मातीच्या सांध्यातील दगडी भिंतीवर सिमेंट-सळईचे जड शिखर चढविण्यापूर्वी ती भिंत भार पेलेल काय, हे संरचना अभियंत्याकडून लेखी घ्यावे. देवळामागचा डोंगर खोदून अंगण वाढविण्याचा मोहही टाळावा. जुलै 1989 मध्ये भाजे गावावर दरड कोसळली, हे मावळ विसरलेले नाही. 15 जून 2025 रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला व 4 जण गेले. जुनी वास्तू धोक्याची झाली की ती गर्दीच्या दिवसाची वाट पाहत नाही, म्हणून कायमची दुरुस्ती होईपर्यंत टेकू देणे आणि माणसांना आत जाऊ न देणे हे पहिले काम. उत्सवात मंडपाखाली आपलीच लेकरे बसतात.

देणगीदारांनी पावतीबरोबर परवान्याची प्रत पाहण्यास मागावी आणि समितीने ती आनंदाने दाखवावी. जोत्याची तपासणी, अभियंत्याचे दाखले व शेवटचे भोगवटा प्रमाणपत्र एकाच फाईलमध्ये देवळाच्या कपाटात ठेवावे. पुढच्या पिढीला पुन्हा दुरुस्ती काढावी लागेल, तेव्हा देणगीदारांच्या संगमरवरी पाटीपेक्षा तिला ती फाईल अधिक उपयोगी पडेल.

देवाच्या कामात घाई भक्तीपोटी होते. कळसाची तिथी पंचांगात जरूर पाहावी, पण ती परवाना हाती आल्यावर.