हजेरीपट कोणी वाचावा?

१९९७ च्या मे महिन्यात जयपूरच्या शासन सचिवालयाजवळ खेड्यापाड्यांतील मजूर धरणे धरून बसले. राजस्थानातील त्या दिवसांतले ऊन ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना या बसण्याचे मोल सांगावयास नको. मागणी मात्र ऐकणाऱ्यास क्षुल्लक वाटावी अशी होती. पंचायतीच्या कामांचे हजेरीपट, बिले व पावत्या यांच्या नकला मिळाव्यात, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

सत्ता एका हाती साठली की बिघडते, ही जाणीव जुनी आहे. फ्रान्समधील माँतेस्क्यू याने १७४८ साली कायदा करणारा, तो राबविणारा व न्याय देणारा हे वेगवेगळे असावेत, असे प्रतिपादिले. त्याच्या कितीतरी आधी शिवाजी महाराजांच्या गडांवर याच जातीची व्यवस्था नांदत होती. गडावर हवालदार, सबनीस व कारखानीस असे तीन अधिकारी असत. किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी सबनिसाकडे, कोठार कारखानिसाकडे. एकट्याच्या मनात आले म्हणून गड शत्रूच्या हाती जाऊ नये, हा हेतू. पण तिघेही एक झाले तर? म्हणून ते निरनिराळ्या ज्ञातींतून घेतले जात. त्या काळी हा बंदोबस्त पुरला असेल. लोकशाहीला जातिभेदाच्या भरवशावर राहता येत नाही, आणि राहूही नये.

राजस्थानातील मजुरांपुढे नेमका हाच पेच होता. सरकारी कामावर हजेरी मांडणारा एक, मोजमाप घेणारा दुसरा, बिल मंजूर करणारा तिसरा. कागदोपत्री प्रत्येकजण दुसऱ्याचा पहारेकरी. प्रत्यक्षात साऱ्या सह्या जागच्या जागी असत, आणि बांधकाम मात्र पुष्कळदा नसे! भारतीय प्रशासन सेवेचा १९७५ साली राजीनामा दिलेल्या अरुणा रॉय आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० साली स्थापिलेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने यावर साधा उपाय काढला. २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनावणी भरली, आणि कामाची कागदपत्रे गावापुढे मोठ्याने वाचली गेली. अशा सुनावण्यांत, जे कधी कामावर गेलेच नाहीत त्यांची, क्वचित मृतांचीही, नावे हजेरीपटावरून ऐकू येऊ लागली. हिशेबतपासनिसाला जे नाव खरे वाटे, ते गावाला एका क्षणात खोटे ठरविता येई.

एप्रिल १९९५ मध्ये मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी विधानसभेत अशा नकला देण्याचे आश्वासन दिले. वर्ष उलटले, तरी नकला मिळेनात. १९९६ साली ब्यावर येथे चाळीस दिवस धरणे झाले. नंतर जयपूरचे, त्रेपन्न दिवसांचे. अखेरीस उपमुख्यमंत्र्यांनी जाहीर केले की, पंचायतीच्या कागदांच्या नकला देण्याचा आदेश सहा महिन्यांपूर्वीच राजपत्रात प्रसिद्ध झालेला आहे. माहिती मिळण्याचा हक्क देणारा आदेशच कोणास माहीत नव्हता! शासकीय दप्तरात आयुष्य घालविणाऱ्यास या विनोदाचे हसू येणे कठीण. राजपत्रात छापले म्हणजे जनतेस कळविले, ही समजूत तेथे फार दृढ असते.

पुढे २००० साली राजस्थानने माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या उपोषणांनंतर तसाच कायदा आला, आणि २००५ साली संसदेने तो देशभरासाठी केला. त्यात उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. विनाकारण विलंब करणाऱ्यास दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड आहे, आणि तो खात्यावर नव्हे, त्या अधिकाऱ्यावर बसतो. कायद्याचा खरा जोर या एका कलमात आहे. परंतु दंड बसविणारा माहिती आयुक्त निर्भय हवा. २०१९ च्या दुरुस्तीने आयुक्तांची मुदत व वेतन ठरविणे केंद्र सरकारकडे गेले. ज्याच्यावर पहारा ठेवावयाचा, त्यानेच पहारेकऱ्याचा पगार ठरवावा, हे काही शहाणपणाचे नव्हे.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जयपूर येथे राजस्थान सरकारने ‘जन सूचना पोर्टल’ सुरू केले. अर्ज न करता गावनिहाय माहिती तेथे पाहता येते. रोजगार हमीच्या मजुरांची माहितीही त्यात आहे. यादीतले नाव आपले आहे की वारलेल्या शेजाऱ्याचे, हे ओळखण्यास गावात कोणालाही हिशेबतपासनीस लागत नाही.