कोपर कोरडं राहिलं

उस्ताद मंडळी, आपा आणि पालकहो,

उर्दूत बोलणार की मराठीत, असं सकाळी संयोजकांनी विचारलं. मकतबातून घरी गेल्यावर पोरं ज्या भाषेत भांडतात, तिच्यातच बोलतो.

गेल्या वर्षी एका मकतबात तोंडी परीक्षा घ्यायला गेलो होतो. दहा वर्षांच्या एका मुलाला विचारलं, वजूचे फर्ज किती? त्याने नियतीपासून तरतीबपर्यंत सहाही एका दमात सांगितले. पैकीच्या पैकी! मग अस्रची वेळ झाली. हौदावर तो माझ्याच शेजारी बसला. सदऱ्याची बाही घट्ट, वर सरकेना. पाणी मनगटाच्या थोडं वर जाऊन परत फिरलं, कोपर कोरडंच. आणि गडी सफमध्ये जाऊन उभा! हळूच मागे बोलावून कोपर दाखवलं, तेव्हा पुन्हा वजू करून आला. माझ्या वहीत मात्र त्याचे गुण पैकीच्या पैकी लिहून झाले होते.

चूक पोराची नाही, परीक्षेची. हाताने करायचं ते आम्ही तोंडाने विचारलं. वजूची परीक्षा हौदावरच घ्यायला हवी. कोपर, टाच, कपाळाची कड, बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. नाजरा, म्हणजे कुराण बघून वाचणं, ऐकताना घशातून 'ऐन' आला की नुसता 'अ', हे कानालाच कळतं, प्रश्नपत्रिकेला नाही.

तपासणाऱ्याची फुटपट्टीही तपासा. आपण कोकणातले बहुतेक शाफई. वजूचा क्रम आपल्याकडे फर्ज. हनफींकडे फर्ज चारच आणि क्रम सुन्नत. फजरच्या नमाजात आपलं पोर कुनूतची दुआ पढतं. परीक्षक बाहेरून आलेले हनफी असले की त्याच कुनूतवर गुण कापलेले मी पाहिलेत. तक्ता आखण्याआधी पोराच्या घरची फिक्ह विचारा, एवढंच.

आता पोराची वृत्ती कशी तपासायची, ते. इंडोनेशिया, तेही आपल्यासारखे बहुसंख्य शाफई. तिथल्या २०१३ च्या अभ्यासक्रमात आध्यात्मिक वृत्ती, सामाजिक वृत्ती, ज्ञान आणि कौशल्य असे चार भाग आले. वृत्ती पाहायला शिक्षकाचं निरीक्षण, त्याची रोजनिशी, मुलाने स्वतःचं केलेलं मूल्यमापन आणि सोबत्यांनी केलेलं. हेतू चांगला होता, पण कागद भरता भरता शिक्षक वैतागले. आपण तरी कुठे वेगळे? २०१० मध्ये राज्यातल्या शाळांत आकारिक मूल्यमापन आलं आणि पाठोपाठ वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिका. 'नम्रपणे वागतो' हे वाक्य ४० प्रगतिपत्रकांवर मीही उतरवलंय. खोटं कशाला बोलू?

शाळेत हे खपून गेलं, मकतबात खपणार नाही. नियतीची जागा दिलात. 'इखलास : अ श्रेणी' असं लिहिणारे आपण कोण? आणि नमाजच्या हजेरीला गुण लावले, की पोर उस्तादांकडे तिरक्या डोळ्याने बघत सजदा लांबवणार. म्हणजे जी रिया, जो दिखावा, टाळायला शिकवायचं, ती आपणच शिकवली.

म्हणून वृत्तीची नोंद ठेवा, गुण देऊ नका. तारीख टाकून, डोळ्यांनी पाहिलं तेवढंच. 'लहान मुलीला अरबी अक्षरांच्या कायद्याचं पान काढून दिलं.' 'नळ उघडा टाकून गेला. हाक मारल्यावर परत येऊन बंद केला.' महिन्याला एका पोराच्या दोन ओळी पुरेत. त्या आई-बापांना वाचून दाखवा, पोरासमोरच. मागे कुजबुज नको.

जेवणानंतर एक ठराव येणार आहे, वार्षिक परीक्षेत वर्तनाला २० गुण ठेवावेत असा. अध्यक्ष असलो तरी माझं मत विरोधात पडेल. ते २० गुण हौदावरच्या परीक्षेला द्या, आणि ठरावात तशी दुरुस्ती तुमच्यापैकीच कुणीतरी सुचवा.