कांद्याचे सूप

फ्रेंच माणूस भोपाळला परका नाही. बोरबन घराणे एकोणिसाव्या शतकात इथल्या दरबारात मोठ्या पदावर होते. शौकत महालाचा आराखडाही फ्रेंच माणसाचाच, असे सांगतात. तेव्हा शहरातल्या एका छोट्या फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये आम्ही मोठ्या हौसेने जेवायला गेलो.

पहिल्यांदा कांद्याचे सूप मागवले. यात कांदा मंद आचेवर पाऊण-एक तास परतायचा, चांगला तांबूस झाला पाहिजे. वर भाजलेला पाव आणि वितळलेले चीज. आमच्यापुढे आले ते कॉर्नफ्लोअर लावून दाट केलेले, थेट चायनीज गाडीवरचे! क्रेप म्हणजे त्यांचे पातळ धिरडे. ते गार आणि चामट. वांगी-टोमॅटोच्या रॅटाटुईत चक्क गरम मसाला. बिल तेवढे अस्सल परदेशी.

मालकाला विचारले, तर म्हणाला, "भाईसाहब, लोग यही माँगते हैं."

आता त्याला तरी काय बोलणार? गेल्या वर्षी आपल्याच आनंदमेळ्यात थालीपिठापेक्षा मंचूरियनची रांग मोठी होती. म्हणून यंदा स्टॉल लावणाऱ्या वहिनींना एवढेच सांगणे, आमटीत गोडा मसालाच घाला आणि थालीपीठ तव्यावरून थेट ताटात वाढा. रांगेत उभे राहायला आम्ही आहोत.