जुने यंत्र, आजचा पडदा



इतिहासाचार्य राजवाडे यांच्या निधनानंतर लगेच, 1927 सालच्या आरंभी, ज्या धुळ्यात त्यांच्या दप्तरांच्या जतनासाठी संशोधन मंडळ उभे राहिले, तेथे जुन्या कागदांची थोरवी गाण्याचे मला प्रयोजन नाही. परंतु मोडीचा रुमाल सोडला की जाणत्याला मजकूर हाती लागतो, तसे चुंबकीय फितीवरील आज्ञावलीचे नाही. ती चालवावी लागते, आणि ज्यावर ती चालावयाची ते यंत्र बहुधा केव्हाच भंगारात निघालेले असते. चाळीसगावनजीकच्या पाटण येथील शके 1128 च्या शिलालेखात, भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याची नोंद आहे. जतन म्हणजे वापर चालू ठेवणे, ही समजूत आपल्या मुलखात इतकी जुनी आहे.

डिजिटल इक्विपमेंट कंपनीने 1977 साली जाहीर केलेला व्हॅक्स हा संगणक घ्या. (भुसावळच्या खिडकीवर आरक्षणासाठी तिष्ठलेल्या मंडळींना सांगावेसे वाटते की रेल्वेच्या संगणकीय आरक्षणाचा पाया याच कुळातील यंत्रांवर घातला गेला.) युनिक्स या संचालन-प्रणालीची बर्कली विद्यापीठाची आवृत्ती ज्यावर नांदली ते हे यंत्र आज मिळणे दुर्घट, पण त्याच कंपनीत वरिष्ठ पदावर राहिलेले बॉब सुपनिक यांनी ‘सिमएच’ नावाचा एम्युलेटर उभा केला, जो व्हॅक्सची एकेक आज्ञा उचलतो, तिचा अर्थ लावतो आणि मूळ यंत्राने जे केले असते तेच हुबेहूब करतो. डिस्कच्या जागी एक फाइल, नेटवर्क कार्डाच्या जागी निव्वळ बतावणी; युनिक्सला या तोतयेगिरीचा सुगावा लागत नाही, आणि साधा लॅपटॉपही मूळ यंत्राला वेगात कितीतरी मागे टाकतो.

चित्रमय आज्ञावल्यांचे काय, हा खरा रसाचा प्रश्न आहे. 1984 साली एमआयटीच्या अथेना प्रकल्पात बॉब शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी ‘एक्स’ ही विंडो-व्यवस्था रचली, तेव्हा आज्ञावली एका यंत्रावर चालावी आणि तिची विंडो दुसऱ्या यंत्राच्या पडद्यावर उघडावी, अशी वाटणीच त्यांनी करून टाकली. आज्ञावली रेघ कोठे ओढावी, अक्षर कोठे उमटवावे एवढे नेटवर्कवरून कळविते. ओढण्याचे काम पडदा सांभाळणाऱ्याचे. ही बोलणी कोणत्या नियमांनी व्हावी हे 1987 च्या अकराव्या आवृत्तीत ठरले, आणि तो करारनामा अद्याप अंमलात आहे. त्याचा पहिला बाइट पाहावा: संख्येचे कोणते टोक आधी पाठविणार, हे आज्ञावली ‘बी’ किंवा ‘एल’ या एका रोमन अक्षराने सुरुवातीलाच जाहीर करते, म्हणून परस्परविरोधी रीतीची यंत्रेही एकमेकांशी बोलू शकतात. यास्तव नकली व्हॅक्सला स्वतःचा पडदा नसला तरी अडत नाही. डिस्प्ले या चलात लॅपटॉपचा पत्ता भरून घड्याळाची आज्ञावली सुरू केली, की आजच्या ब्राउझरशेजारी तिचे काटे फिरू लागतात.

अडचणी येतात त्या आजच्या बाजूने. हे संभाषण ज्या 6000 क्रमांकाच्या पोर्टावरून चाले, तो आता मुळातच बंद ठेवलेला असतो, आणि ते रास्तही आहे. कारण मूळ रचनेत पडद्यापर्यंत पोहोचलेली कोणतीही आज्ञावली शेजारणीच्या कळफलकावर काय टंकले जाते ते चोरून ऐकू शके, त्या काळचे नेटवर्क कडी न लावणाऱ्या वाड्यासारखे होते. ठिपक्यांचे जुने फॉण्ट नव्या यंत्रात नसतात, आणि 256 रंगांची तबकडी गृहीत धरणाऱ्या काही आज्ञावल्या आजच्या पडद्यावर अडून बसतात.

जळगाव-धुळ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी हा उद्योग करून पाहावा. सिमएच विनामूल्य आहे. आरंभ बर्कली युनिक्सचा वंशज असलेल्या नेटबीएसडीने करावा, कारण त्याची व्हॅक्सवरील आवृत्ती आजही निघते आणि एक्सच्या आज्ञावल्या तिच्यासोबतच येतात. बर्कलीच्या मूळ युनिक्सकडे, म्हणजे 1986 च्या 4.3 बीएसडीकडे, हात बसल्यावर वळावे, आणि पोर्ट उघडावयाचा तो घरच्या नेटवर्कापुरताच.