लेकीच्या बॅगेत पक्कडही असू द्या
(महिला मेळाव्यातील मनोगत)

लेक कॉलेजला निघाली की आपण लाडू, चटणी, लोणचं बांधतो. मीही तेच बांधलं. पंधरा दिवसांत फोन आला, "आई, खोलीची कडी निखळलीय. दुरुस्तीवाला येतच नाही." तीन रात्री तिनं दाराला टेबल लावून काढल्या. जवळ स्क्रूड्रायव्हर असता तर पाच मिनिटांचं काम होतं!

आता तिच्या डब्यात चपटा नि फुलीचा स्क्रूड्रायव्हर, पक्कड, छोटी हातोडी, मोजायची टेप, थोडे खिळे-स्क्रू आणि बॅटरी आहे. विजेच्या वायरीला मात्र हात लावायचा नाही, हे बजावलंय.

नुसत्या वस्तू देऊन भागत नाही. घरातली एखादी ढिली कडी आधी तिच्याच हातानं बसवून घ्या. पोराला शिकवतो, मग पोरीला का नाही?