जोखमीच्या कामाआधीचा कागद

(वार्षिक स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



यंदाच्या खर्चपत्रकातील एक बाब अनेकांच्या नजरेला खटकली असेल. वायुमापक, तिपाई, कमरपट्टे व दोर असे तिचे शीर्षक आहे. रुग्णालयाला दोर कशाला लागतात, असे काही देणगीदारांनी सभेपूर्वीच आम्हांस विचारले. प्रश्न रास्त आहे. दात्याचा पैसा खाटेवर, औषधावर, यंत्रावर खर्च झालेला दिसावा ही अपेक्षा कोणी चूक म्हणणार नाही. म्हणून नेहमीचा आढावा अहवालाच्या पानांवर सोपवून आज या एकाच बाबीविषयी बोलण्याची अनुज्ञा आम्ही मागतो.

रुग्णालय म्हटले की डोळ्यांपुढे शस्त्रक्रियागृह येते. परंतु इमारतीच्या मागे सेप्टिक टाकी आहे, गच्चीवर जलकुंभ आहे, आवारात विहीर, जनित्र आणि ऑक्सिजन सिलिंडरांची खोली आहे. वर्षातून एकदोनदा या ठिकाणी असे काम निघते की ते करणाऱ्याच्या जिवाला धोका असतो. ते काम करणारा मनुष्य बहुधा आमच्या पटावरचा नसतो. तो रोजंदारीवर आलेला असतो, आणि संध्याकाळी त्याने घरी परतावे याची जबाबदारी ज्याच्या आवारात तो उतरतो त्याची असते.

पारनेरकरांना विहिरीचे भय शिकवावे लागत नाही. या अवर्षणप्रवण तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या विहिरी खोदल्या गेल्या, यारीवरून माणसे खाली सोडली गेली, सुरुंगाचे बार उडाले. पडणाऱ्या दगडाचे भय आपल्याला ठाऊक आहे; न दिसणाऱ्या वायूचे तितकेसे नाही. ९ एप्रिल २०२४ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, आपल्याच जिल्ह्यातील नेवासा तालुक्यात वाकडी येथे जे घडले ते आपण सर्वांनी वाचले आहे. बायोगॅसच्या शेणकाल्यासाठी वापरलेल्या एका जुन्या विहिरीत मांजर पडले. ते काढण्यासाठी एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा, त्याच्यासाठी तिसरा, असे सहा जण एकामागून एक आत गेले. पाच जण दगावले. सहावा वाचला, कारण उतरण्यापूर्वी त्याने कमरेला दोर बांधून घेतला होता.

त्या पाचांना बेसावध म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. आपला माणूस खाली तडफडताना पाहून काठावर उभे राहणे मनुष्यस्वभावात नाही. नेमक्या याच कारणाने असे अपघात एका मृत्यूवर थांबत नाहीत. अमेरिकेतील निऑश या संस्थेने १९८६ साली काढलेल्या सूचनापत्रकात नमूद केले होते की, बंदिस्त जागांतील मृतांपैकी निम्म्याहून अधिक जण वाचवायला गेलेले असतात. धाडस कमी पडल्यामुळे हे लोक गेले नाहीत. कोणी, केव्हा, कशाच्या आधाराने उतरायचे हे आधी ठरलेले नव्हते, म्हणून ते गेले.

कुजणाऱ्या शेणातून वा मैल्यातून मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड निघतात. साध्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो, तो १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की ती जागा श्वसनास अपुरी मानली जाते. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो हे अनेकांना माहीत आहे. प्रमाण वाढले की हाच वायू घ्राणशक्ती बधिर करतो, हे फार थोड्यांना माहीत आहे. वास थांबला म्हणजे हवा शुद्ध झाली असे समजून माणूस पुढे जातो. जुन्या जाणत्यांची कंदील सोडून पाहण्याची रीतही येथे उपयोगी नाही. ऑक्सिजन फार कमी असेल तर कंदील विझेल खरा, पण विषारी वायू तो दाखवणार नाही, आणि मिथेन साचलेला असेल तर कंदीलच स्फोटाला कारण होईल. वायुमापकाची खरेदी या कारणाने झाली. बेशुद्ध माणसाच्या मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही तर चारपाच मिनिटांत कायमची इजा होऊ लागते, आणि तेवढ्या अवधीत आमचे कोणतेही डॉक्टर टाकीच्या तळाशी पोहोचू शकत नाहीत.

दोराची कल्पना आमची नव्हे. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ३६ ने अशी अट घातली होती की, बंदिस्त जागेत उतरण्यापूर्वी सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी करून ती जागा निर्धोक असल्याचे लेखी प्रमाणपत्र द्यावे. नाहीतर उतरणाऱ्याने श्वसनयंत्र लावावे, पट्ट्याला दोर बांधावा आणि त्या दोराचे मोकळे टोक बाहेरच्या माणसाने धरून ठेवावे. ही तरतूद कारखान्यांपुरती होती. रुग्णालयाची टाकी आणि शेतातला खड्डा तिच्या कक्षेत नव्हता; वायूला मात्र ही कक्षा ठाऊक नसते.

हीच रीत आम्ही दोन कागदांत उतरवली आहे. पहिल्यात जोखमीचे मूल्यमापन असते: धोका कोणता, कोणाला, आणि तो टाळता येईल काय. दुसऱ्यात कार्यपद्धती असते: काम कोणत्या क्रमाने होईल, प्रत्येक पायरीवर कोण उभा असेल, कोणत्या क्षणी काम थांबेल. सेप्टिक टाकीच्या कागदावरचा पहिला प्रश्नच असा आहे की, आत माणूस उतरण्याची गरज आहे काय? बहुतेक वेळा ती नसते. मैला उपसणारी गाडी बाहेरूनच काम करते, आणि मग पुढचा सारा कागद कोरा राहतो. तो कोरा राहिलेला आम्हांला सर्वांत आवडतो. उतरणे अटळच असेल तर झाकणे उघडून वारा खेळवणे, वर, मध्ये व तळाशी अशी तीन ठिकाणी हवेची मोजणी, तिपाई, पट्टा, दोर आणि काठावरचा पहारेकरी. या पहारेकऱ्याच्या नावापुढे ठळक अक्षरांत लिहिले आहे की, काही झाले तरी त्याने आत उतरायचे नाही. त्याने हाक द्यायची आणि तिपाईच्या चरकीने माणूस वर ओढायचा. हे वाक्य लिहिताना आमच्यात बराच वाद झाला. ते निष्ठुर वाटते. वाकडीची आठवण होती म्हणून ते राहिले.

रुग्णांच्या आप्तांना वाटेल की हा कामगारांचा विषय आहे. तसे नाही. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात द्रव ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब घसरला आणि वीसहून अधिक रुग्णांचे प्राण गेले. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत दहा नवजात बालके दगावली, आणि ६ नोव्हेंबरला आपल्या नगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभाग पेटला. या दुर्घटनांचे निवाडे करण्याचा आम्हांस अधिकार नाही. सिलिंडर बदलणे, विद्युतपेटी उघडणे, वेल्डिंग करणे या कामांसाठीही आम्ही तसेच कागद केले आहेत, एवढेच सांगतो. काम चालू असताना अतिदक्षता कक्षाला पर्यायी पुरवठा कोणता, हे त्यावर आधी लिहावे लागते.

कागद केला म्हणजे काम झाले, अशी आमची समजूत नाही. एकाच मजकुराच्या प्रती काढून, जागा न पाहता खाली सह्या ठोकण्याची प्रथा मोठमोठ्या बांधकामांवरही आढळते. म्हणून आमचा कागद टाकीच्या काठावर उभे राहून, काम करणाऱ्याला मराठीत मोठ्याने वाचून दाखवला जातो. त्याला एखादी पायरी पटली नाही तर तो नकार देऊ शकतो. नकार दिला तरी त्या दिवसाची पूर्ण मजुरी त्याला मिळते. या अटीवर हिशेबनिसांनी प्रथम कपाळाला आठ्या घातल्या होत्या, हेही प्रांजळपणे सांगावेसे वाटते. पण मजुरी बुडणार असेल तर नकार कोण देईल?

एक विनंती मात्र आहे. तालुक्यातील ज्या गावांत विहिरीचा गाळ काढायचा असेल किंवा बायोगॅसची टाकी उघडायची असेल, त्यांनी आमचे वायुमापक व तिपाई निःसंकोच मागून न्यावी. अनामत रक्कम नाही. आमचा एक प्रशिक्षित कर्मचारी मात्र सोबत येईल, कारण यंत्र वापरता न येणाऱ्याच्या हाती ते देणे आम्हांस मान्य नाही.

पावसाळ्यापूर्वी आपल्या मागील टाकीचा उपसा व्हायचा आहे. त्या दिवशी मागचे फाटक आणि तळमजल्यावरील प्रसाधनगृहे बंद राहतील. रुग्णांच्या नातेवाइकांनी बाह्यरुग्ण विभागाशेजारची प्रसाधनगृहे वापरावीत, आणि लहान मुलांना त्या बाजूला जाऊ देऊ नये.